रद्दीच्या लगद्याचे ठोकळे आणि फळ्या घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं सातारा-सांगलीकडच्या वाचकांना समोर ठेवून लिहिली आहेत. लगद्याच्या ठोकळ्यांबद्दल इंटरनेटवर सापडणारी बरीचशी माहिती अमेरिकेतल्या कोरड्या वाळवंटी भागातली आहे. तिकडचं गणित महाबळेश्वरला लावलं तर पहिल्याच आषाढात ठोकळ्यांचा पुन्हा लगदा होईल.

लगद्याच्या ठोकळ्यांचं घर बांधता येतं का?

ज्या अर्थाने आपण विटांचं घर म्हणतो, त्या अर्थाने नाही. कागद, सिमेंट आणि वाळूचा ठोकळा, म्हणजे ज्याला पेपरक्रीट म्हणतात तो, दाबला की दबतो. फुटत नाही हा त्याचा गुण, पण स्लॅबचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही. आयएस 1077 या भारतीय मानकात भाजक्या विटेचा सगळ्यात खालचा वर्गसुद्धा 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब सोसणारा आहे. घरी केलेला ठोकळा तिथपर्यंत पोचेल असं धरून चालू नका.

"मग जगात कागदाची घरं आहेत ती कशी?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रॉकपोर्ट गावात एलिस स्टेनमन नावाच्या इंजिनिअरने 1922 मध्ये वर्तमानपत्रांचं घर बांधायला घेतलं, ते आजही बघायला मिळतं. पण त्याचा सांगाडा लाकडाचा आहे आणि छप्पर नेहमीसारखं. कागद आहे तो भिंतीत, थरावर थर चिकटवून वरून वॉर्निश मारलेला. 2001 च्या भूकंपानंतर भुजमध्ये जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी कागदी नळ्यांचं घर उभं केलं. त्या नळ्या कारखान्यात गुंडाळून चिकटवलेल्या, हिशोब करून वापरलेल्या. बादलीत भिजवलेल्या रद्दीशी त्यांची तुलना होत नाही.

थोडक्यात, ओझं लाकूड, लोखंड किंवा आरसीसीच्या सांगाड्याने उचलायचं. लगद्याने ऊन अडवायचं. ही वाटणी मान्य असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

मग याचा खरा उपयोग कुठे?

पत्र्याखाली. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी बसून बघा. जुन्या माळवदाच्या घरात ही तक्रार नव्हती, कारण डोक्यावर हातभर माती होती. माळवद गेलं, पत्रा आला आणि घरात ऊन शिरलं. लगद्याच्या फळीत हवेच्या बारीक बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे तिच्यातून उष्णता सावकाश जाते. विटेपेक्षा कितीतरी सावकाश.

पत्र्याखाली तीन-चार इंच मोकळी जागा सोडून लाकडी पट्ट्यांची चौकट करा आणि तिच्यात फळ्या बसवा. फळी दीड फूट बाय दीड फुटापेक्षा मोठी नको, जाडी एक ते दीड इंच पुरे. अशी फळी कोरडी असताना अडीच-तीन किलो भरते. चारही बाजूंनी पट्टीवर टेकलेली हवी, नुसती चिकटवून चालणार नाही. पत्र्याच्या वायसरमधून गळती लागली की फळी पाणी पिते, वजन भराभर वाढतं आणि मधोमध लोंबायला लागते. लहान फळी लोंबली तर काढून बदलता येते. मोठी असेल तर झोपलेल्या माणसाच्या अंगावर येते. चौकटीवरची विजेची वायर उघडी ठेवू नका, पाइपातून न्या.

एक सल्ला मात्र आधी ऐका. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग मारून बघा. तेवढ्याने भागलं तर फळ्यांचा खटाटोप कशाला?

बाकी उपयोग म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला आतून अस्तर, खोलीत आडोसा घालायला बिनओझ्याची भिंत, गच्चीवरच्या कुंड्या (फार टिकत नाहीत, पण हलक्या होतात), गणपतीचं मखर. गोठ्यात जनावराच्या तोंडाच्या उंचीपर्यंत लावू नका, चाटून चाटून खड्डे पाडतात. कोंबड्यांच्या खुराड्याला तर नकोच.

कुठला कागद चालतो?

वर्तमानपत्र सगळ्यात सोपं, लवकर विरघळतं. अंड्यांचे ट्रे त्याहून सोपे, कारण ते मुळातच लगद्याचे असतात. पुठ्ठ्याचे खोके चालतात, धागा लांब असल्यामुळे ठोकळा चिवट होतो, पण चिकटपट्टी आणि पिना काढण्यात वेळ जातो. वह्या-पुस्तकं चालतात, कडेची शिलाई आणि डिंकाची पट्टी कापून टाका.

गुळगुळीत मासिकांच्या कागदावर मातीचा आणि चुनखडीचा लेप असतो, म्हणून त्यात धागा कमी भरतो. थोडा मिसळला तर हरकत नाही. लग्नपत्रिकांचा ढीग प्रत्येक घरात असतो, पण सोनेरी पन्नी आणि प्लास्टिकचा थर असलेल्या पत्रिका विरघळत नाहीत. दूध-ताकाच्या खोक्यांचंही तसंच. एटीएमच्या आणि दुकानातल्या गुळगुळीत पावत्या घालू नका, त्या उष्णतेवर छापतात आणि त्यांच्यावर रसायनाचा थर असतो. वडापावचा तेलकट कागद घातलात तर मुंग्यांना आमंत्रण.

माझं मत विचाराल तर चांगली, कोरडी, घडी घातलेली रद्दी रद्दीवाल्यालाच द्या. कागद गिरणीत पाच-सात वेळा पुन्हा कागद होऊ शकतो, सिमेंटमध्ये एकदा गेला की त्याचा कागद होणं संपलं. रद्दीवाला ज्याला नाक मुरडतो ते घ्या: भिजलेलं, फाटलेलं, कापलेल्या चिंध्या, अंड्यांचे ट्रे.

प्रमाण काय घ्यायचं?

सुरुवातीला वजनावर जा. कोरडा कागद 1 किलो, सिमेंट दीड किलो, वाळू 1 किलो. पाणी वीस लिटरच्या आसपास लागतं, त्यातलं बरंचसं निथळून जातं. एवढ्या मालात विटेच्या आकाराचे साधारण चार ठोकळे होतात. नेहमीची वीट तीन किलोच्या आसपास असते, हा ठोकळा वाळल्यावर किलोच्या आत येतो.

सिमेंट वाढवलं की ठोकळा कडक आणि जड होतो, पण ऊन अडवण्याचा गुण कमी होतो. छताच्या फळीला सिमेंट कमी चालेल, कुंडीला जास्त लागेल. वाळूमुळे आकसणं कमी होतं. नदीची वाळू शोधत बसू नका, चाळलेली क्रश सँड पुरते.

लगदा कशात करायचा? घरचा मिक्सर चालेल का?

चालेल म्हटलं तर घरात भांडण होईल, आणि ते रास्त असेल. नमुन्याचे दोन-तीन तुकडे करायचे असतील तर जुनं, टाकून दिलेलं भांडं वेगळं ठेवा आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. जास्त माल करायचा तर कागद हाताच्या पंजाएवढा फाडून दोन-तीन दिवस बॅरलमध्ये भिजवा, मग ड्रिल मशीनला रंग ढवळायचा दांडा लावून घुसळा. पुठ्ठा आठवडाभर भिजला तर उत्तम. चिमटीत लगदा घेऊन पाण्याच्या ग्लासात सोडा. अक्षरं असलेले तुकडे दिसले तर अजून घुसळा, धुक्यासारखा पसरला तर झालं.

मशीनच्या सॉकेटला गळती झाल्यावर वीज तोडणारा ब्रेकर हवा. ओले हात, ओली जमीन आणि ड्रिल हे त्रिकूट वाईट आहे.

सिमेंट घातलं पण माल घट्टच झाला नाही. असं का?

बॅरल कुठून आणलं ते आठवा. आपल्याकडे काकवीची, मळीची जुनी पिंपं सहज मिळतात. साखर ही सिमेंटची वैरी आहे. सिमेंटच्या कणांवर तिचा थर बसतो आणि घट्ट होण्याची क्रिया लांबते. अगदी थोडी साखरही पुरते, प्रमाण वाढलं तर माल दिवसेंदिवस चिखलच राहतो. म्हणून पिंप गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा.

याच कारणाने गुऱ्हाळावरचं ताजं चिपाड किंवा कारखान्याचा बगॅस सरळ सिमेंटच्या मालात घालू नका. त्यात साखर उरलेली असते. आठवडाभर पाणी बदलत भिजवून, धुऊन, वाळवून घ्या, तरी आधी एकच ठोकळा करून बघा. "जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ घालायचे" हे खरं आहे, पण तो चुना होता. सिमेंटचं रसायन वेगळं.

टाकणखाराचीही (बोरॅक्स) हीच गोष्ट. वाळवीसाठी म्हणून लोक तो सिमेंटच्या लगद्यात मिसळतात आणि मग वाट बघत बसतात. तोही सिमेंटला रोखून धरतो.

सिमेंट वापरायचंच नसेल तर?

माती घ्या. लगदा आणि माती यांची जोडी उत्तम जमते, कारण कागदाचा धागा मातीत पेंढ्याचं काम करतो आणि भेगा धरून ठेवतो. फक्त काळी माती नको. ती भिजली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पांढरी किंवा तांबडी माती, थोडा चाळलेला मुरूम, आणि मातीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पिळलेला लगदा. असा ठोकळा पाण्यात विरघळतो, म्हणून घराच्या आतच वापरायचा. मोडला तर भिजवून पुन्हा थापता येतो, सिमेंटच्या ठोकळ्याला हे सुख नाही.

चुना घातला तर थोडी ओल सोसतो, पण साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, तेव्हा घाई असेल तर त्याच्या वाट्याला जाऊ नका. चुनकळी घरी विरवू नका. उकळ्या फुटतात, डोळ्यात शिंतोडा गेला तर डोळा जातो. विरवलेला तयार चुना आणा.

मेथ्यांची पद्धत आजीच्या काळातली. भिजवलेला कागद आणि भिजवलेल्या मेथ्या उखळात कुटायच्या, पालथ्या घागरीवर थापायच्या, उन्हात वाळवायच्या. टोपली होते, दिव्याची शेड होते. मेथ्यांच्या चिकट द्रवामुळे लगदा एकजीव होतो. चिंचोक्याच्या खळीनेही होतं, पण खळीला कीड लागते. बांधकामाला यातलं काहीच नाही, हात बसवायला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही.

ठोकळे कधी आणि कसे वाळवायचे?

डिसेंबर ते मार्च हा चांगला काळ. लाकडी साचा, खाली जाळी किंवा भोकं पाडलेला पत्रा, म्हणजे पाणी निथळतं. माल भरून हाताने दाबा, पण धोपटू नका. पोकळ्या मेल्या की ठोकळ्याचा गुणच गेला. साचा लगेच वर उचलता येतो. पहिले तीन-चार दिवस पोत्याने झाकून सावलीत ठेवा. लगदा स्वतःच पाणी धरून असतो, त्यामुळे वेगळं पाणी मारावं लागत नाही. नंतर उन्हात, दर दोन-तीन दिवसांनी कूस बदलत. वरून वाळलेला दिसला तरी पोटात ओल असते. रोज तोलून बघा, वजन घटायचं थांबलं की वाळला. जाड ठोकळ्याला महिनाही लागतो.

एप्रिल-मेमध्ये जत-आटपाडीच्या उन्हात वरची कातडी आधी आकसते आणि तडकते. शिवाय वळवाचा पाऊस सांगून येत नाही, ताडपत्री हाताशी ठेवा. पावसाळ्यात हे काम बंद.

ठोकळा वाळताना सगळ्या बाजूंनी आकसतो. म्हणूनच सलग भिंत जागेवर ओतू नका, आधी ठोकळे पुरते वाळवा आणि मग रचा.

आमच्याकडे पाऊस फार आहे. तरी करू का?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दोन हवामानं, म्हणून उत्तरंही दोन. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याचा पश्चिम भाग इथे बाहेरच्या भिंतीला लगदा लावू नका. आतल्या भिंतींनाही बुरशी धरेल, कारण चार महिने हवाच ओली असते. तिकडे जांभा आहे, तोच बरा. माण, खटाव, फलटण, खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथे करा, जोतं आणि छपराची पागोळी नीट ठेवून.

वाई, सातारा, कोरेगाव, कराड हा मधला पट्टा. तिथे एक फळी पडवीत टांगून एक पावसाळा काढू द्या. काळे-हिरवे ठिपके आले की उत्तर मिळालं.

सांगलीत पुराचं काय?

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी आलं त्यांनी पुराच्या खुणेखाली लगद्याचं काहीही बसवू नये. कोरडा ठोकळा आधी तरंगतो, मग पाणी पितो, आणि गाळ आत शिरला की तो वाळला तरी वास जात नाही. छताच्या फळ्या खुणेच्या वर असतील तर हरकत नाही.

भूकंपात हलकी भिंत चांगली ना?

अर्धं खरं. भूकंपात भिंतीवर येणारं बळ तिच्या वजनाच्या प्रमाणात असतं, म्हणून हलकी भिंत कमी धोक्याची. ती पडली तरी दगडी भिंतीसारखी चिरडत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी काय केलं, ते पाटणकडच्या जुन्या माणसांना विचारा. पण हलकेपणा आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी. सांगाड्याला न बांधलेली लगद्याची भिंत अख्खी आडवी होईल. दर दोन-तीन थरांनंतर जाळीची पट्टी टाकून ती खांबाला अडकवा.

आग लागते का?

कागद आहे, तेव्हा प्रश्न रास्त. सिमेंट भरपूर असलेला ठोकळा ज्योत धरत नाही, पण आतून धुमसतो. वरून विझल्यासारखा वाटतो आणि काही तासांनी दुसऱ्या बाजूने धूर येतो. नमुन्याचा तुकडा घराबाहेर गॅसच्या टॉर्चने तापवून बघा, मग रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवा. चूल, बंब, देवघरातला अखंड दिवा यांच्याजवळ फळी नको. उघडा लगदा कुठेच ठेवू नका, वरून मातीचा, चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा हवाच.

वाळवी, उंदीर?

कागद हे वाळवीचं अन्नच. सिमेंट आणि चुना नवे असतात तोवर तिला आवडत नाहीत, पण हा गुण कालांतराने उतरतो. जमिनीला टेकू न देणं हाच पक्का उपाय. दीड-दोन फूट दगडी जोतं, त्यावर ओल न चढणारा थर, मग ठोकळे. टाकणखार किंवा बोरिक पावडर वापरायची तर मातीच्या लगद्यात मिसळा. सिमेंटच्या ठोकळ्याला तो पुरता वाळल्यावर पाण्यात विरघळवून फवारा. लहान मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडात जाणार नाही याची काळजी घ्या. उंदीर सिमेंट कमी असलेली फळी कुरतडतात, गिलाव्याखाली कोंबडीजाळी लावली की थांबतात.

गिलावा आणि रंग कोणता?

आत आलेली ओल बाहेर जायला वाट हवी. चुन्याची सफेदी किंवा मातीचा गिलावा उत्तम. ऑइल पेंट दोन्ही बाजूंनी मारलात तर ओल आत कोंडते आणि रंग फुगे धरतो. पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे गिलावा छान धरतो, फक्त लावण्याआधी पाणी शिंपडा, नाहीतर ठोकळा गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो.

भिंतीत खिळा मारून कपाट टांगता येईल?

कॅलेंडर टांगा. कपाट नाही.

हे स्वस्त पडतं का? आणि पर्यावरणाला चांगलं का?

शंभर ठोकळ्यांना वरच्या प्रमाणाने पाऊण पोतं सिमेंट जातं. भाजक्या विटेत सिमेंट नसतंच. म्हणजे रद्दी फुकट मिळाली तरी ठोकळा फुकट नाही, आणि तुमची मेहनत तर धरलीच नाही. एक किलो साधं सिमेंट तयार होताना पाऊण ते एक किलोच्या दरम्यान कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा "इको-फ्रेंडली" हा शब्द जरा जपून वापरावा. मातीचा लगदा या बाबतीत खूपच सरस. पत्र्याखालच्या फळ्यांमुळे उन्हाळ्यात कूलर कमी चालला तर हिशोब बदलतो, आणि मला वाटतं हा एकच हिशोब धरण्यासारखा आहे.

परवानगी लागते का?

आतल्या छताला किंवा मखराला नाही. खोली वाढवायची असेल तर ती कशाचीही असो, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत विचारा. इंजिनिअरला सही करायला मानक लागतं. विटेला आहे, काँक्रीट ब्लॉकला आहे, तुमच्या अंगणातल्या ठोकळ्याला नाही.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काय करता येईल?

एका आकाराचे दोन पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून इंचभर लगद्याचं अस्तर लावून पुरतं वाळवा. दोन्हींत तापमापक ठेवा, झाकण लावा, सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाने आकडे लिहा आणि सूर्यास्तानंतरही दोन तास लिहीत राहा. संध्याकाळी काय होतं ते मुलांना चकित करतं.

दुसरा प्रयोग: वीट, सिमेंट ब्लॉक आणि लगद्याचा ठोकळा तोलून 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. सर्वसाधारण विटेने वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं मानक सांगतं. लगद्याच्या ठोकळ्याचा आकडा फलकावर मोठ्या अक्षरात लिहा, लपवू नका.

हातमोजे खरंच लागतात का? गवंडी तर उघड्या हातानेच काम करतो.

आणि त्याचे हात बघितलेत? ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, कातडी खातं. लगदा पिळताना ते तासन्‌तास बोटांना लागून राहतं. रबरी मोजे घाला. वाळलेले ठोकळे करवतीने कापताना तोंडाला मास्क.

निथळलेलं पाणी कुठे ओतायचं?

सिमेंट घालण्याआधीचं पाणी पुढच्या लगद्याला वापरा, शाईमुळे काळपट दिसतं तेवढंच. सिमेंटचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी नको. बॅरलमध्ये एक दिवस साठू द्या, तळाचा गाळ पुढच्या मालात घाला आणि वरचं पाणी पुढच्या सिमेंटच्या मालालाच वापरा. न्हाणीच्या मोरीत तर मुळीच ओतू नका. लगदा पाइपात बसला की प्लंबरला फरशी फोडावी लागते.